एजंटाचा ‘ए’ नंबर आणि नागपूरचे प्लॉट

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘रेरा लायसन्स काढून मिळेल’ अशी पाटी आता झेरॉक्सच्या दुकानांवरही दिसते. पाटी लावणाऱ्याला दोष देता येत नाही, कारण विचारायला येणारेही तोच शब्द वापरतात. पण महारेराकडे, म्हणजे घरांच्या आणि प्लॉटच्या प्रकल्पांवर व ते विकणाऱ्या एजंटांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, ‘लायसन्स’ नावाचा कागदच नाही. कागद दोन आहेत आणि ते दोन वेगळ्या टप्प्यांवर मिळतात. परीक्षा पास झाल्यावर मिळते ते सक्षमता प्रमाणपत्र. त्यानंतर अर्ज करून, फी भरून मिळते ते नोंदणी प्रमाणपत्र, आणि ‘ए’ अक्षराने सुरू होणारा नंबर याच दुसऱ्या कागदावर असतो. पहिल्याला दुसरा समजून कितीतरी जण अर्ध्या वाटेवर थांबतात आणि तसेच धंद्याला लागतात. दुसरा कागद हातात आला म्हणजे कुठलाही प्लॉट विकायला मोकळीक मिळाली, हा त्याहून मोठा गैरसमज. नागपूरपुरते बोलायचे तर खरी गफलत तिथेच होते, म्हणून हे पत्र जरा लांबले आहे.

आधी नोंदणी कोणाला लागते ते पाहू. २०१६ च्या स्थावर संपदा (रेरा) कायद्याचे ९ वे कलम सांगते की महारेरात नोंदलेल्या प्रकल्पातला फ्लॅट, दुकान किंवा प्लॉट मध्यस्थी करून विकून द्यायचा असेल तर आधी एजंट म्हणून नोंदणी हवी. भाड्याने घरे लावून देणाऱ्याला ती लागत नाही. धरमपेठेतल्या किंवा प्रतापनगरातल्या जुन्या इमारतीतला फ्लॅट एका मालकाकडून दुसऱ्याला मिळवून देणाऱ्यालाही लागत नाही. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असलेल्या छोट्या स्कीमला मुळात प्रकल्पनोंदणीच माफ आहे, त्यामुळे तिथेही एजंटावर सक्ती येत नाही. बाकी सगळीकडे येते. आणि ‘मी काही एजंट नाही, फक्त पार्टी आणून देतो’ हे उत्तर चालत नाही. कायद्याच्या व्याख्येत खरेदीदार आणि विक्रेत्याची गाठ घालून देऊन त्याबद्दल मोबदला घेणारा कोणीही येतो, मग त्याला दलाल म्हणा, मध्यस्थ म्हणा की चॅनल पार्टनर. विम्याचे हप्ते गोळा करता करता लेआउटचे प्लॉट सांगणारे, शाळा सुटल्यावर साइट दाखवायला नेणारे गुरुजी, पानठेल्यावर कार्ड वाटणारे हे सगळे त्या व्याख्येत बसतात.

आता वाट. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रशिक्षण २० तासांचे असते आणि ते महारेराने मान्यता दिलेल्या संस्थेकडूनच घ्यावे लागते. त्या संस्थांची यादी महारेराच्या संकेतस्थळावर आहे. पैसे भरण्याआधी संस्थेचे नाव त्या यादीत शोधा, कारण यादीबाहेरच्या क्लासचे प्रमाणपत्र कितीही रंगीत असले तरी परीक्षेच्या फॉर्मला उपयोगाचे नाही. प्रशिक्षण पूर्ण झाल्याची नोंद झाली की परीक्षेसाठी अर्ज करता येतो. परीक्षा आयबीपीएस घेते, म्हणजे बँकेच्या नोकरभरतीची परीक्षा घेणारी तीच संस्था. संगणकावर, पर्यायी उत्तरांचे प्रश्न.

परीक्षेला घाबरून कोपऱ्यात बसण्याचे कारण नाही. २० मे २०२३ च्या पहिल्या परीक्षेला ४२३ जण बसले आणि ४०५ पास झाले. जे अडतात ते बहुधा अनुभवावर विसंबून उत्तर देतात. उदाहरणार्थ चटई क्षेत्र. कायद्यातल्या कार्पेटमध्ये घराच्या आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, सर्व्हिस शाफ्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. आपल्याकडे वीस-वीस वर्षे ‘सुपर बिल्ट-अप’वर भाव सांगितलेल्या माणसाचे बोट नेमके चुकीच्या पर्यायावर जाते. दुसरा ठरलेला प्रश्न रकमेचा. नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही (कलम १३). नागपुरात ‘तीस टक्के भरा, मग अॅग्रीमेंट करू’ हे इतके रुळले आहे की चूक ती वाटतच नाही. ताबा लांबला तर व्याजासह पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क (कलम १८), बांधकामातल्या दोषाची ५ वर्षांची जबाबदारी (कलम १४), ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के जमीन आणि बांधकामासाठीच्या स्वतंत्र खात्यात ठेवण्याची अट, आणि एजंटाची कर्तव्ये सांगणारे कलम १०. एवढे नीट वाचले तरी पुष्कळ झाले.

पास झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र मिळते. इथे थांबून कार्ड छापू नका. या प्रमाणपत्राचा क्रमांक म्हणजे नोंदणी क्रमांक नव्हे. आता महारेराच्या संकेतस्थळावर लॉगिन तयार करून नमुना ‘जी’मधला अर्ज भरायचा. तो मंजूर झाला की नमुना ‘एच’मध्ये नोंदणी प्रमाणपत्र येते. वैयक्तिक अर्जाची फी १०,००० रुपये, भागीदारी संस्था, एलएलपी किंवा कंपनी असेल तर १,००,००० रुपये. नोंदणीची मुदत ५ वर्षे.

अर्जासोबत पॅन, फोटो, व्यवसायाच्या जागेचा पुरावा, मागच्या तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे लागतात. विवरणपत्र भरण्याइतके उत्पन्न नसेल तर तसे घोषणापत्र. गेल्या पाच वर्षांत कोणत्या प्रकल्पांसाठी काम केले त्याचा तपशील, तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी प्रकरण चालू असेल तर त्याची माहिती, आणि बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे लेटरहेड, रबरी शिक्का आणि पोचपावतीचा नमुना. धंदा अजून सुरू व्हायचा आहे म्हणून शिक्का केला नाही, हे कारण देता येत नाही. शिक्का आधी करायचा. त्यावर हौसेने ‘बिल्डर्स अँड डेव्हलपर्स’ लिहू नये. अर्ज एजंट म्हणून आणि शिक्का बिल्डरचा, मग तपासणाऱ्याला शंका आली तर तक्रार कोणाकडे करणार?

अर्ज अडकतात ते मोठ्या कारणांनी नव्हे. नावाच्या स्पेलिंगने अडकतात. आधारवर नाव, वडिलांचे नाव, आडनाव. पॅनवर नुसते नाव आणि आडनाव. प्रशिक्षणाच्या नोंदीत तिसरेच. ज्ञानेश्वर, यज्ञेश, ऋषिकेश या नावांची इंग्रजी स्पेलिंगे घरटी बदलतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या महिलांचे पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असते. ही दुरुस्ती प्रशिक्षणाला नाव घालण्याआधी करून घ्यावी. कारण प्रशिक्षणाच्या नोंदीतले नाव परीक्षेच्या प्रवेशपत्रावर येते, तेच सक्षमता प्रमाणपत्रावर उतरते, आणि मग एका अक्षरासाठी तीन ठिकाणी अर्ज करत फिरावे लागते. परीक्षा केंद्रावर मूळ ओळखपत्रावरचे नाव जुळले नाही तर दारातूनच परत यायची वेळ येते, ते वेगळेच.

दुसरा अडसर जागेच्या पुराव्याचा. ऑफिस भाड्याचे, वीजबिल घरमालकाच्या किंवा त्याच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि भाडेकरार तोंडी. अशा वेळी नोंदणीकृत भाडेकरार आणि मालकाचे ना हरकत पत्र एकत्र जोडावे. ऑफिसच नसेल तर राहत्या घराचा पत्ता द्यायला हरकत नाही. ज्या चौकात बसता त्या चौकाचा पत्ता लागेल असे काही नाही.

तिसरा अडसर सगळ्यात फालतू आणि सगळ्यात महाग. अर्ज भरून देणारा मोबाईल आणि ईमेल स्वतःचाच टाकतो, ओटीपीसाठी सोपे पडते म्हणून. छाननीत त्रुटी निघाली की तिचा निरोप त्याच्याकडे जातो, आणि तोपर्यंत त्याने दुकान बदललेले असते. अर्जदार महिनोन्‌महिने ‘अजून आले नाही’ म्हणत बसतो. पाच वर्षांनी नूतनीकरणाची वेळ येते तेव्हा तर लॉगिनच कोणाचे ते आठवत नाही. मोबाईल, ईमेल आणि पासवर्ड स्वतःचा ठेवा, अर्ज भले दुसऱ्याकडून टाइप करून घ्या.

भागीदारीबद्दल थोडे. दोघे मित्र मिळून फर्म काढतात आणि फर्मच्या नावाने लाख रुपये भरतात. दोघांनी वैयक्तिक नोंदणी केली असती तर २०,००० मध्ये भागले असते. फर्मचा फायदा आहेच: एकच नाव, एकच बिल, एकच खाते. पण फर्मची नोंदणी झाली म्हणून ग्राहकाशी बोलणारी सगळी पोरे आपोआप पात्र होत नाहीत. हे काम करणाऱ्या भागीदाराने आणि कर्मचाऱ्याने आपापले सक्षमता प्रमाणपत्र घ्यायचे असते. उलट बाजूने, नोंदणी वैयक्तिक नावाने आणि दलालीचे बिल फर्मच्या नावाने, हा प्रकार तर सर्रास. बिल्डर दलालीवर टीडीएस कापतो (सध्या २ टक्के, वर्षाला २०,००० च्या वर गेल्यास) आणि तो बिलावरच्या पॅनवर जमा होतो. मग नोंदणी एका पॅनवर, उत्पन्न दुसऱ्या पॅनवर. वाद झालाच तर ‘हा व्यवहार नोंदणीकृत एजंटाने केला’ हे दाखवायला कागद उरत नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो, तेही बिल त्याच नावाने निघावे.

नोंदणी वारसाहक्काने मिळत नाही, हेही सांगायला हवे. वडिलांच्या नंबरावर मुलगा व्यवहार करतो, वडील ऑफिसात येणे बंद करून चार वर्षे झालेली असतात. घरातल्या घरात चालते म्हणून कायद्यात चालते असे नाही. मुलाने स्वतःचे २० तास, स्वतःची परीक्षा आणि स्वतःचा नंबर घ्यावा. आधीपासून नोंदणी असलेल्यांनाही सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे आहे. त्यांची मुदत १ जानेवारी २०२४ ला संपली. ते न घेतल्यामुळे २०२४ मध्ये राज्यातल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी वर्षभरासाठी स्थगित झाली. आपला नंबर चालू आहे की स्थगित, हे संकेतस्थळावर दोन मिनिटांत दिसते. तरी जुन्या लॅमिनेट केलेल्या प्रमाणपत्रावर भिस्त ठेवणारे पुष्कळ आहेत. २०२२ मध्ये नूतनीकरण केलेल्यांची मुदत २०२७ मध्ये संपते. त्यांनी शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नये.

आता नागपूरकडे येऊ. महारेराच्या जुन्या नंबरांत जिल्हा ओळखता येतो: आपल्या जिल्ह्यातल्या प्रकल्पांचे जुने नंबर ‘पी’ आणि मग ५०५ असे सुरू होतात, एजंटांचे ‘ए’ आणि मग ५०५. दोन अक्षरांतला हा फरक कळला तरी ग्राहकाचे अर्धे काम होते. लेआउटच्या फलकावर मोठ्या अक्षरात ‘रेरा रजिस्टर्ड’ लिहिलेले असते आणि खाली बारीक अक्षरात ‘ए’चा नंबर. म्हणजे नोंदणी एजंटाची, लेआउटची नव्हे. हा फलक लावणारा एजंट १० व्या कलमाचे उघड उल्लंघन करत असतो, कारण ज्या प्रकल्पाला नोंदणी लागते पण घेतलेली नाही, त्यातला प्लॉट विकायला नोंदणीकृत एजंटाला मनाई आहे. त्याच्या नंबराने लेआउट शुद्ध होत नाही, उलट तोच नंबर रद्द होण्याचे कारण ठरतो.

पुण्या-मुंबईत एजंटाचे काम मुख्यतः फ्लॅटचे. आपल्याकडे ते प्लॉटचे. बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, जामठा, हिंगणा, उमरेड रोड, काटोल रोड, समृद्धी महामार्गाची बाजू, सगळीकडे लेआउट. आणि प्लॉटचा कागद फ्लॅटच्या कागदापेक्षा वाकडा असतो. म्हणून प्रकल्पाचा ‘पी’ नंबर मिळाला तरी एजंटाने संकेतस्थळावरचे पान उघडून मौजा (गाव) आणि खसरा क्रमांक (जमिनीचा भूमापन क्रमांक) स्वतः जुळवून पाहिले पाहिजेत. जाहिरातीत फक्त गावाचे नाव असते. नोंदणी एका खसऱ्याची असते आणि प्लॉट दाखवला जातो शेजारच्या खसऱ्यातला, ‘फेज टू’ म्हणून. मग सातबारा: जमीन भोगवटदार वर्ग २ ची असेल तर शासनाच्या परवानगीशिवाय तिचे हस्तांतर होत नाही. अकृषिक आदेश झालेला आहे की ‘प्रस्तावित’ आहे. मंजूर नकाशा नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यास) की एनएमआरडीएचा (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), आणि दाखवलेला प्लॉट नंबर त्या नकाशावर आहे की तिथे खुली जागा किंवा रस्ता आहे. शहराच्या जुन्या भागात सातबाराऐवजी आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड). पानावर दाखवलेला बोजा आणि न्यायालयीन प्रकरणे. किती प्लॉट विकले गेले, याचीही माहिती तिथेच असते.

‘आरएल आहे’ या शब्दावर नागपुरात अर्धा सौदा होतो. पण या दोन अक्षरांनी दोन निराळी पत्रे चालतात. गुंठेवारीत नियमित झालेल्या जुन्या प्लॉटचे नियमितीकरणाचे पत्र (रेग्युलरायझेशन लेटर) हे एक, आणि मंजूर लेआउटमधला प्लॉट विक्रीला मोकळा केल्याचे पत्र (रिलीज लेटर) हे दुसरे. जुन्या लेआउटमधला नियमित झालेला प्लॉट मूळ मालकाकडून घेऊन देणे हे पुनर्विक्रीचे काम झाले. नवा लेआउट पाडून प्लॉट विकणाऱ्याने मात्र आरएल दाखवून महारेराचा प्रश्न टाळता येत नाही. ‘डिमांड (मागणीपत्रातले शुल्क) भरली आहे, आरएल निघेलच’ हे तर आश्वासन झाले, कागद नव्हे.

आणि पैसे. किस्तीवरच्या प्लॉटचे पैसे एजंटाच्या डायरीत लिहून घेणे, इसाराची रक्कम स्वतःच्या खात्यात किंवा रोखीने ठेवणे, ही जुनी सवय. नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकाचा पैसा प्रकल्पाच्या नेमलेल्या खात्यातच गेला पाहिजे. एजंटाने चेक त्या खात्याच्या नावाने घ्यावा आणि पावती बिल्डरची द्यावी. स्वतःचे हिशेब ठेवणे, बुकिंगच्या वेळी ग्राहकाला मिळायला हवेत ते सगळे कागद त्याच्या हाती पडतील हे पाहणे, प्रकल्पात नसलेल्या सोयी सांगू नयेत आणि प्रत्येक व्यवहारात आपला नंबर लिहावा, हे सगळे कायद्यात आहे. दंडाचा हिशेब सोपा आहे. नोंदणी नसताना व्यवहार केला तर रोज १०,००० रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. ३० लाखांच्या प्लॉटवर कमाल दंड दीड लाख होतो, म्हणजे पंधरा दिवसांत गाठला जातो. त्या प्लॉटवर २ टक्के दलाली धरली तर मिळतात ६० हजार.

महारेराला एक सूचना. २० तासांच्या प्रशिक्षणाचा सगळा झोक बांधकाम प्रकल्पाकडे आहे. विदर्भातल्या उमेदवारांसाठी त्यातले निदान दोन तास सातबारा, खसरा, आखीव पत्रिका, भोगवटदार वर्ग आणि लेआउट नकाशा वाचण्याला द्यावेत, आणि परीक्षेत त्यावर प्रश्न असावेत. लिफ्ट आणि पोडियम पार्किंगची माहिती जामठ्याला प्लॉट दाखवणाऱ्याच्या फारशी कामाची नाही.

दुसरी विनंती आपल्याला, संपादक महोदय. आपल्या जाहिरातींच्या पानांवर दर रविवारी प्लॉटच्या छोट्या जाहिराती असतात. प्रवर्तकाच्या, म्हणजे बिल्डरच्या किंवा लेआउट पाडणाऱ्याच्या, जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता असावा असे कायदाच सांगतो. छोटी जाहिरात घेताना खिडकीवरच्या फॉर्ममध्ये दोन रकाने वाढवा: प्रकल्पाचा ‘पी’ नंबर आणि एजंटाचा ‘ए’ नंबर. पुनर्विक्रीची जाहिरात असेल तर तसे लिहायला तिसरा चौकोन. दोन्ही रकाने रिकामे असतील आणि जाहिरात नव्या लेआउटची असेल, तर ती छापायची की नाही हे आपण ठरवावे.

आपला नम्र,
एक वाचक, मनीषनगर, नागपूर